मेनिंजायटिसची लस: नाशिकमध्येच घ्यावी की अमेरिकेत पोहोचल्यावर?

मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज. ती आणणाऱ्या मेनिंगोकॉकस जिवाणूविरुद्धची मेनिंगोकॉकल लस अमेरिकेत अकराव्या-बाराव्या वर्षी आणि पुन्हा सोळाव्या वर्षी देतात. बऱ्याच राज्यांत शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी तिचा दाखला लागतो. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. शाळेत दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मिळते ती धनुर्वात-घटसर्पाची टीडी. त्यामुळे ‘मुलाच्या सगळ्या लसी झाल्यात’ असं म्हणणाऱ्या घरातही ही बहुधा राहिलेली असते.

माझं स्पष्ट मत: अमेरिकेत शिकायला जाणार असाल तर या जिवाणूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या चार गटांविरुद्धची लस इथेच घ्या. टेक्सासमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याने ती वर्ग सुरू होण्याच्या किमान १० दिवस आधी आणि मागच्या ५ वर्षांत घेतलेली असावी लागते. विमानातून उतरून दवाखाना शोधेपर्यंत ही मुदत हातची जाते. शिवाय अंगात संरक्षण तयार व्हायलाही आठवडा-दहा दिवस लागतात आणि हॉस्टेलची गर्दी पहिल्या दिवसापासून असते. उपचार मिळूनही या आजारात शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण दगावतात, म्हणून मी इतकं आग्रहाने सांगते.

कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या बालरोगतज्ज्ञांकडे आधी फोन करा. प्रत्येकाच्या फ्रिजमध्ये ती नसते, मागवावी लागते. दाखल्यावर इंग्रजीत लसीचं पूर्ण नाव, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का हवा.

तिथे जाऊन घेण्यात एकच खरा फायदा: बी गटाची वेगळी लस. ती आपल्याकडे सहसा मिळत नाही. तिथल्या विद्यार्थी आरोग्य केंद्रात विचारा आणि विमा खर्च देतो का, तेही पाहा.