कन्याकुमारीची सायकल मोहीम: टेम्पोसह मोठा चमू की चौघांचा स्वावलंबी गट?

पुण्याहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जायचे ठरले की सायकल कोणती, टायर किती रुंद आणि निघायचे कधी यांवर महिनाभर चर्चा चालते. सोबत कोणाच्या आणि कोणत्या पद्धतीने जायचे हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या बाबतीत सर्वांत शेवटी येतो, आणि जो चमू आधी भेटेल त्याच्याबरोबर नाव नोंदवून तो मिटवला जातो. वास्तविक प्रवास कसा होईल हे टायरपेक्षा यावरच अधिक अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे. महाराष्ट्रातून हिवाळ्यात निघणाऱ्या मोहिमा ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात वीस-पंचवीस सायकलस्वार, एक संयोजक, सामान वाहणारा टेम्पो आणि बहुधा त्यातच स्वयंपाकाचे साहित्य घेऊन बसलेला आचारी असतो. दुसऱ्या प्रकारात एकमेकांना ओळखणारे तीन-चार जण आपापले सामान पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, भरून निघतात. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर आणि तेथून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरून सेलम, मदुराई, तिरुनेलवेली हा सुमारे १,५०० किलोमीटरचा रस्ता मी दोन्ही प्रकारांनी केलेला आहे, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम वजनाविषयी, कारण टेम्पोच्या बाजूने सर्वांत आधी तेच सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याच्या बाजूने खंबाटकी घाट चढताना मागच्या चाकावर आठ-दहा किलो असणे आणि नसणे यांतला फरक मांड्यांना ताबडतोब कळतो. निपाणीजवळच्या तवंदी घाटात तो पुन्हा कळतो. पुढे मात्र रस्ता दख्खनच्या पठारावरून लांबच लांब उतार-चढावांनी जातो, आणि तेथे वजनाची इतकी सवय होते की एखाद्या दिवशी सामान उतरवून गावात फेरी मारायला निघालो तर सायकलच अनोळखी वाटते. मोजमाप मी केलेले नाही, परंतु टेम्पोसोबत दिवसाकाठी १३० ते १५० किलोमीटर सहज होत असतील तर सामानासह १०० च्या आसपास होतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांची रजा मोजकी आहे त्यांच्यासाठी हा फरक निर्णायक ठरू शकतो. आडवा वारा असेल त्या दिवशी कन्याकुमारीच्या अलीकडे मुप्पंदलच्या पवनचक्क्यांजवळ पॅनियर वारा पकडतात आणि सायकल हलते, हेही सांगितले पाहिजे.

सुरक्षिततेच्या बाबतीतही टेम्पोला कमी लेखता येणार नाही. धर्मपुरीहून सेलमकडे जाताना तोप्पूरचा उतार लागतो. अवजड ट्रकच्या अपघातांसाठी तो कुप्रसिद्ध आहे, आणि तेथे मागे दिवे लुकलुकवीत आपली गाडी असल्याचा आधार मोठा वाटतो. आजारपणातही गाडीत बसता येते. चौघांच्या गटात ताप आला तर मुक्काम वाढवावा लागतो किंवा बस शोधावी लागते. अर्थात गंभीर प्रसंगी दोन्ही प्रकारच्या प्रवाशांनी १०८ किंवा महामार्गाच्या १०३३ या क्रमांकालाच फोन करायचा असतो.

खर्चाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकीकडे डिझेल, टोल, चालक आणि आचारी यांची वाटणी होते, दुसरीकडे लॉज आणि खानावळी असतात. माझ्या हिशेबात दोन्हींची बेरीज जवळपास सारखीच आली.

आता माणसांकडे वळतो. मोठ्या चमूचा मोठा गुण असा की एखाद्याशी पटले नाही तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याबरोबर सायकल चालवता येते. चौघांत ती सोय नसते. एकाचा स्वभाव चिडका निघाला तर तो हुबळीपासून नागरकोइलपर्यंत सर्वांच्या वाट्याला येतो. तरीही एक गोष्ट मला मोठ्या चमूत प्रत्यक्ष गेल्यावरच उमगली. पंचवीस जण एकत्र फक्त सकाळच्या छायाचित्रात असतात. पहिल्या तासाभरात वेगाप्रमाणे फाटाफूट होते, आणि संध्याकाळपर्यंत आपल्या सोबत असतात ते तिघे-चौघेच, तेही आपण निवडलेले नव्हे, तर ज्यांची चाल योगायोगाने आपल्यासारखी आहे असे. शेवटी चौघांतच सायकल चालवायची असेल तर ते चौघे आधी निवडून घ्यावेत, हे मला अधिक पटते. चार हा आकडाही मी विचारपूर्वक सांगत आहे. चौघांना दोन खोल्या पुरतात आणि खानावळीत एका टेबलावर बसता येते. पंप, चेन टूल आणि सुट्या ट्यूब वाटून घेता येतात, ज्यांत प्रेस्टा व्हॉल्व्हचा अडॅप्टर, म्हणजे ट्यूबच्या बारीक व्हॉल्व्हला साधा पंप जोडणारा तुकडा, असलाच पाहिजे, कारण लहान गावातल्या पंक्चरवाल्याकडे तो सहसा नसतो. एक जण मागे राहिला तर त्याच्यासोबत दुसरा थांबतो आणि तरीही पुढे कोणी एकटा जात नाही. तिघांत हे गणित बिघडते.

इथपर्यंतचा हिशेब पाहिला तर दोन्ही पारडी साधारण सारखीच दिसतील, किंबहुना टेम्पोचे थोडे जडच. माझ्यासाठी तराजू झुकला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे: टेम्पोतले सामान आपल्याला हवे असते तेव्हा आपल्यापाशी कधीच नसते.

याला संयोजकाचा दोष म्हणता येत नाही, हे मुद्दाम नमूद करतो. टेम्पोला दोन कामे असतात. शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे राहणे हे त्यातले एक, आणि पुढे जाऊन जेवणाची व मुक्कामाची व्यवस्था करणे हे दुसरे. एक गाडी ही दोन्ही कामे एका वेळी करू शकत नाही, त्यामुळे ती पुढे आणि मागे धावत राहते, आणि मधल्या गटात चालणाऱ्या माझ्यासारख्याच्या दृष्टीने ती नेहमी वीस किलोमीटर पुढे तरी असते किंवा पंधरा किलोमीटर मागे तरी. मलम हवे, गाडीत आहे. कोरडे मोजे हवेत, गाडीत आहेत. गाडी भेटलीच तर आपली बॅग इतर वीस बॅगांच्या तळाशी असते, आणि ती काढून द्या म्हणायचा संकोच वाटतो, कारण चालकाला आचाऱ्यासह पुढे पोहोचायचे असते. पहाटे साडेचारला बॅगा गाडीत चढवायच्या म्हणून अंधारातच सगळे भरून टाकावे लागते, आणि नंतर तासभर निघायची वाट पाहताना थंडीत जाकीट आठवते.

डिसेंबरमध्ये दक्षिण तमिळनाडूत ईशान्य मोसमी पाऊस संपलेला असेलच असे नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिरुनेलवेली आणि तूत्तुकुडी जिल्ह्यांत पूर आला होता आणि कायलपट्टिणमला एका दिवसात ९० सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडला होता. आम्हाला भेटला तो त्या मानाने साधाच पाऊस होता, पण तो विरुदुनगरच्या पुढे दुपारी सुरू झाला आणि मुक्कामापर्यंत थांबला नाही. आम्ही पाच-सहा जण चिंब भिजून लॉजवर पोहोचलो तेव्हा टेम्पो, नियमाप्रमाणे आणि अगदी योग्य रीतीने, शेवटच्या दोघांच्या मागे होता. कोरडे कपडे त्यात होते. व्यवस्थापकाने नोंदणीसाठी आधार कार्डे मागितली, तीही त्यातच होती, म्हणून किल्ल्याही मिळाल्या नाहीत. अंधार पडेपर्यंत आम्ही व्हरांड्यात ओल्या कपड्यांनी उभे राहिलो. एकदाच घडले असते तर विसरून गेलो असतो, परंतु त्याच्या लहान-लहान आवृत्त्या त्याआधीपासूनच रोज घडत होत्या. यावर उपाय म्हणून जो तो पाठीवर छोटी सॅक घेऊ लागला, मग तिच्यात रेनकोट आला, मग औषधे, मग एक शर्ट, आणि बंगळूर सोडताना चमूतले निम्मे लोक थोडेफार सामान वाहत होतेच. तेव्हा माझ्या मनात आले की वाहायचेच आहे तर ते नीट कॅरियरवर का वाहू नये?

जेवणाचेही असेच होते. जेवण टेम्पो थांबेल तेथे असते. तुमकूरजवळच्या क्यातसंद्रला तट्टे इडली खाण्यासाठी लोक महामार्गावर मुद्दाम गाडी थांबवतात. आम्ही मात्र तेथून तसेच पुढे निघालो, कारण आचाऱ्याचे पोहे पुढच्या पेट्रोल पंपावर तयार होते. पोहे उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. चौघांनी गेलो तेव्हा धारवाडच्या अलीकडे लिंगायत खानावळीत ज्वारीची भाकरी आणि एण्णेगायी, म्हणजे भरली वांगी, पोटभर खाल्ली, दावणगिरीला बेण्णे दोसा खाल्ला आणि कोविलपट्टीला कडलै मिठाईचे पुडे पॅनियरमध्ये भरले. ही आपली शेंगदाण्याची चिक्कीच. तिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि सायकलवर खाण्यासाठी विकतच्या एनर्जी बारपेक्षा मला ती सरस वाटली. सामान सोबत असले की कोठेही थांबता येते आणि कोठेही मुक्काम करता येतो, हा त्यातला खरा लाभ. पंचवीस जणांना मंगल कार्यालय किंवा मोठी धर्मशाळा आधीच ठरवावी लागते आणि मग वारा समोरून असो की पाऊस असो, तेथे पोहोचावेच लागते.

परतीचा प्रवास मात्र टेम्पोवाल्यांचा सुखाचा. त्यांच्या सायकली गाडीत चढतात आणि ते हात हलवीत घरी येतात. स्वावलंबी गटाला कन्याकुमारीहून पुण्याला येणाऱ्या रेल्वेने यायचे तर सायकली स्थानकावर आधी जाऊन नोंदवाव्या लागतात, गोणपाटात बांधाव्या लागतात आणि त्याच गाडीत चढल्या की नाही हे फलाटावर उभे राहून पाहावे लागते. विवेकानंद केंद्राच्या परिसरात उतरलात तर या कामासाठी एक दिवस राखून ठेवावा. मी ही कटकट पुन्हा पत्करायला तयार आहे, पण सर्वांनी तसे असावे अशी अपेक्षा नाही.

ज्यांनी आजवर सलग तीन-चार दिवसही लांबचे अंतर केलेले नाही, ज्यांना गुडघ्याची किंवा हृदयाची काळजी आहे, किंवा ज्यांच्या ओळखीत सारख्या चालीचे तिघे नाहीत, त्यांनी मोठ्या चमूतच जावे हे बरे. बाकीच्यांनी निदान एक शनिवार-रविवार सामान लादून महाबळेश्वरपर्यंत जाऊन पाहावे आणि मग निर्णय घ्यावा. चमूतच नाव नोंदवायचे ठरले तर शुल्क भरण्यापूर्वी संयोजकाला गाड्या किती आहेत हे विचारावे. दोन असतील तर माझी बरीचशी तक्रार गैरलागू ठरेल. एकच असेल आणि "गाडी सोबतच असते" असे उत्तर आले, तर ती नेमकी कोणाच्या सोबत असते, एवढे मात्र विचारून घ्यावे.