एसपीएमवाल्यांनी घेण्याआधी वाचा: मशीन मॉनिटरिंग + ईआरपी (ऑर्डर, स्टॉक, हिशोब एकत्र ठेवणारं) सॉफ्टवेअर, ८ महिने वापरून (५ पैकी ३ स्टार)

भोसरी एमआयडीसीत आमचं एसपीएमचं (स्पेशल पर्पज मशीनचं) छोटं वर्कशॉप आहे, २२ माणसं. कस्टमरच्या एखाद्या पार्टसाठी ड्रिलिंग-टॅपिंगची स्पेशल मशीन बनवून द्यायची, ती एकदा गेली की तशीच दुसरी सहसा बनत नाही. सगळी गोची इथेच होते. सॉफ्टवेअर कंपनीचं नाव घेत नाही, पोरं मेहनती आहेत, पण डेमोला आलेल्याने पहिलाच प्रश्न टाकला, "सर, सायकल टाइम किती?" म्हणजे एकसारखा एकेक पार्ट बनायला लागणारा वेळ. अरे बाबा, इथे मशीनचा एक बेस आयुष्यात एकदाच कापायला चढतो, कसला सायकल टाइम!

पहिला महिना जोडाजोडीतच गेला. नवीन व्हीएमसीला (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनला) इथरनेट आहे, ते अर्ध्या दिवसात झालं. जुन्या, फानुक कंट्रोलरवाल्या बोरिंग मशीनला मात्र फक्त आरएस-२३२ हा जुना सिरियल पोर्ट, मूळ स्टँडर्ड १९६० सालचं, प्रोग्राम चढवा-उतरवायला ठीक, पण मशीन कापतेय का नुसती उभी आहे ते आमच्या मशीनवर त्यातून काही मिळेना. शेवटी स्पिंडल मोटरच्या वायरला करंट सेन्सर अडकवला, लोड आला की मशीन कापतेय असं धरायचं. जुगाडच, पण त्याने डोळे उघडले, ८ तासांच्या शिफ्टमध्ये जेमतेम ३ तास कटिंग, बाकी सेटिंग नाहीतर क्रेनची वाट बघणं. मी नव्या मशीनचं कोटेशन मागवून बसलो होतो, ते ठेवलं बाजूला आणि एक जिब क्रेन बसवली. ह्याचे पूर्ण मार्क.

ऑपरेटरसाठी मशीनपाशी लावलेल्या टॅबलेटचे मार्क कापतो. कूलंटने माखलेल्या बोटाला टच लागत नाही, आणि मशीन थांबली की कारण निवडायचं त्यात पहिलं बटण 'टूल चेंज', त्यामुळे रिपोर्ट बघितला तर आमच्याकडे दिवसभर टूलच बदलतात. पोरांना वाटलं मालकाने पाळत ठेवलीय, आता पगार कापणार. आधी बसून समजवायला हवं होतं, ती चूक माझी.

ईआरपीतलं बीओएम मॉड्यूल (मशीनला लागणाऱ्या पार्टची यादी ठेवणारं) तर घेऊच नका. एसपीएमचं डिझाइन असेंब्ली होईपर्यंत बदलत असतं. कस्टमरचं कास्टिंग २ मिमी जाड निघालं, फिटरने क्लॅम्प घासून बसवला, ड्रॉइंगवर लाल पेनाने मारलं, विषय संपला. सॉफ्टवेअरला मात्र रिव्हिजन पाहिजे, अप्रूव्हल पाहिजे, नवीन पार्ट नंबर पाहिजे, तोवर इकडे ट्रायल सुरू झालेली असते. डिझाइनला आमच्याकडे एकच मुलगी, ती रात्री थांबून एंट्र्या मारायची, तिसऱ्या महिन्यात तिने हात जोडले.

आणि सपोर्ट रविवारी बंद. आमची सुट्टी गुरुवारी, रविवारी फुल शिफ्ट, पुण्यातल्याच कंपनीला हे सांगावं लागतं! रिन्यूअलला फक्त मॉनिटरिंग ठेवतोय, तेही दोनच मशीनचं. घ्यायचंच असेल तर डेमो डेटावर भुलू नका, तुमची एक चालू ऑर्डर, लाल पेनाच्या ड्रॉइंगसकट, त्यांच्याकडून भरून घ्या आणि मग चेक फाडा.