सावलीतल्या पट्ट्यासाठी झाडं घ्यायची असतील तर: घोडबंदर रोडवरची एक नर्सरी

घोडबंदर रोडला नर्सऱ्यांना तोटा नाही. पण ‘सावलीत चालेल असं काही द्या’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी क्रोटन हातात ठेवतात. तो सावलीत मरत नाही, फक्त रंग गमावून नुसता हिरवा होतो. मानपाड्याच्या पुढे सर्व्हिस रोडला असलेल्या ह्या नर्सरीतल्या मामांनी मात्र झाडं दाखवायच्या आधी मलाच विचारलं: पट्टा कुठल्या दिशेला? वर झाड आहे की बिल्डिंग? आणि मे महिन्यात दुपारी काय होतं?

ह्या तिसऱ्या प्रश्नासाठी माझ्याकडून पाच तारे. आमच्या सोसायटीचा मागचा पट्टा उत्तरेला आहे, हिवाळ्यात तिथे उन्हाचा कवडसाही येत नाही. पण ठाण्यात साधारण १६ मेपासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. जून-जुलैत ढग सांभाळून घेतात. मेअखेरचं ते कोरडं ऊन मात्र कॅलाथियासारखी पानं करपवतं. कमिटीतल्या एका काकूंना कॅलाथियाच हवा होता. मामा म्हणाले, ‘‘ताई, मी विकीन हो, पण पावसाळ्याआधी परत याल.’’

शेवटी भिंतीलगत रॅफिस पाम घेतला. महाग आहे (आम्हाला एक ६५० ला पडला) आणि वाढतो मुंगीच्या पावलांनी, पण भिंत झाकायला त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याच्या पुढे स्नेक प्लांट आणि हिरव्या-चंदेरी पानांचा ॲग्लोनेमा. लाल ॲग्लोनेमा दिसायला झकास, पण त्याला उजेड जास्त लागतो, म्हणून तो राहिला. पाइपाजवळच्या सदा ओल्या कोपऱ्यात नेचे, काळ्या पिशवीतले, ६० रुपयांना एक. पूर्वेच्या टोकाला सकाळचं कोवळं ऊन येतं, तिथे सोनटक्का लावला. पावसाळ्यात फुलला की तळमजल्याच्या खिडक्या आपोआप उघड्या राहतात. कडेला सिंगोनियम सोडलंय, ते पेव्हर ब्लॉकवर चढतं, छाटत राहावं लागतं.

आता तक्रारी. डिफेनबॅकिया ते फार आग्रहाने दाखवतात, पण त्याचा रस तोंडात गेला तर आग होते, सूज येते, हे आपण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आमच्या पट्ट्यात मुलांचा चेंडू रोज जातो, त्यामुळे तो बादच. आणि लाल मातीची गोणी इथून घेऊ नका, निम्मे खडे निघाले. शेणखत मात्र चांगलं कुजलेलं, वास न येणारं होतं.

गोगलगायींसाठी मामांनी औषध विकलं नाही, हेही नोंदवते. पावसाळ्यात रात्री टॉर्च घेऊन वेचा म्हणाले, आणि मीठ टाकू नका, माती बिघडते. वेचायचं काम आमच्या इथे दोन आजोबांनी आनंदाने उचललंय.

जायचं तर सकाळी जा. संध्याकाळी त्या रस्त्याला गाडी थांबवायची सोय नसते, आणि मामा पाणी मारण्यात गुंतलेले असतात. घरपोच आणून देतात, पण कुंड्या गेटपाशी उतरवून जातात. आत वाहायला माणसं तुमची.