हलकी सेडान महामार्गावर स्थिर करताना: नऊ महिने आणि चौदा हजार किलोमीटरचा अनुभव

माझी सेडान २०१७ सालची, पेट्रोलवर चालणारी, चार मीटरच्या आतली आणि वजनाने नऊशे किलोंच्या आसपासची आहे. ठिबकच्या साहित्याच्या व्यवसायामुळे महिन्यातून किमान दोनदा जळगावहून एरंडोल, पारोळा, धुळे या मार्गाने नाशिकला जावे लागते. जळगाव ते धुळे हा रस्ता दुपदरी होता तोवर साठ-सत्तरच्या पुढे काटा जाण्याची सोयच नव्हती, त्यामुळे गाडीचा दोष कधी जाणवला नाही. चौपदरीकरण झाल्यावर मात्र नव्वदच्या पुढे गाडी सरळ रेषेत राहीनाशी झाली. स्टिअरिंग सतत थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे सावरावे लागे, मालट्रक शेजारून गेला की गाडी बाजूला ढकलल्यासारखी होई, आणि काळ्या मातीवर बांधलेल्या रस्त्याला जेथे लाटा पडल्या आहेत तेथे मागचा भाग होडीसारखा वरखाली होत राही. शेजारी बसलेली पत्नी पारोळा सोडल्यापासून धुळे येईपर्यंत दारावरची मूठ सोडत नसे.

गेल्या ऑक्टोबरपासून जूनअखेरपर्यंत मी या दोषावर जे काही केले, त्यातील निम्मे पैसे चुकीच्या क्रमाने खर्च झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला खर्च स्प्रिंग बफरचा होता. कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये बसवायचे हे जाड, लवचिक तुकडे असतात. त्यांनी गाडी थोडी उचलली जाते, स्प्रिंग ताठ होते आणि शहरातल्या गतिरोधकांवर गाडी खाली घासत नाही. चारही चाकांना बसवून घेतल्यावर पहिले दोन दिवस गाडी घट्ट वाटली, आणि तोच घट्टपणा म्हणजे स्थिरता असा माझा समज झाला. महामार्गावर तो समज टिकला नाही. पुलाच्या सांध्यावरून ऐंशीने जाताना मागची चाके अक्षरशः टुणकन उडत. याचे कारण नंतर समजले: स्प्रिंग ताठ केली की तिची उसळी अधिक जोरदार आणि जलद होते, आणि ती उसळी शमवण्याचे काम शॉकअब्सॉर्बरचे असते. माझे शॉकअब्सॉर्बर मुळातच थकलेले होते. त्यांच्यावर मी अधिक काम लादले होते. पाच आठवड्यांनी बफर काढून टाकले.

बफर काढणारा धुळ्याचा मिस्तरी वयस्कर आणि मितभाषी होता. माझी सगळी तक्रार ऐकून तो एवढेच म्हणाला, “भाऊ, पहिले हवा देखा, मंग बाकीनं देखूत.” मला हे थोडे अपमानास्पद वाटले, कारण मी दर पंधरा दिवसांनी पंपावर हवा भरत होतो. त्याने स्वतःचा मापक लावला, तेव्हा समोरच्या उजव्या चाकात २७ आणि डाव्या चाकात ३१ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा निघाली. ज्या पंपावर मी हवा भरत असे, तेथील यंत्र दोन्हीकडे ३३ दाखवत असे. समोरच्या दोन चाकांत चार पीएसआयचा फरक असेल तर गाडी एका बाजूला ओढणार, यात नवल काहीच नव्हते.

त्यानंतर मी स्वतःचा मापक घेतला. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेल्या पट्टीवरचा दाब हा थंड टायरचा असतो. म्हणजे गाडी काही तास उभी असताना, शक्यतो सकाळी तपासलेला. खान्देशात याला फार महत्त्व आहे. तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआय वाढतो. मे महिन्यात पहाटे २८ अंश आणि दुपारी ४४ अंश असतील, तर गाडी जागची न हलताच दाब जवळपास तीन पीएसआयने वर गेलेला दिसतो, आणि धावल्यावर आणखी. दुपारी पंपावर जाऊन “जास्त झाली” म्हणून हवा काढून घेतली, की दुसऱ्या दिवशी पहाटे टायर कमी दाबावर असतो. मी नेमके हेच करत आलो होतो. नायट्रोजनविषयी अनेक जण विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे मी तो नाद सोडला आणि पहाटे मापक लावण्याची सवय लावून घेतली.

हवा नीट झाल्यावर गाडीचे भरकटणे माझ्या अंदाजाने एक तृतीयांश कमी झाले. उरलेल्या दोषाचे मूळ गाडीखाली होते. ८२ हजार किलोमीटर झालेल्या या गाडीच्या समोरच्या डाव्या स्ट्रटमधून (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर यांचा एकत्र भाग) तेल गळत होते, चाकाला खालून धरणाऱ्या दोन्ही लोअर आर्मच्या बुशांना (सांध्यातल्या रबरी नळ्यांना) भेगा पडल्या होत्या आणि एका लिंक रॉडमध्ये (गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीला जोडणाऱ्या छोट्या दांडीत) खेळ, म्हणजे सैलपणा, होता. लोअर आर्मचा मोठा बुश फाटला की ब्रेक लावताना किंवा खड्ड्यावरून जाताना चाक स्वतःच्या जागेवरून थोडे मागेपुढे सरकते, आणि चालक काहीही न करता चाकाची दिशा बदलते; स्टिअरिंग सतत सावरावे लागण्याचे हे खरे कारण होते. दोन्ही स्ट्रट त्यांच्या वरच्या माउंटसह, मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर, बुश आणि लिंक रॉड असे सगळे मिळून मजुरीसह साडेअठरा हजार रुपये लागले. बॉनेट हाताने दाबून गाडी किती वेळा उसळते ते पाहण्याची रूढ चाचणी मी आधी केली होती आणि तिच्यात माझे शॉकअब्सॉर्बर उत्तीर्ण झाले होते. ती चाचणी पूर्ण निकामी झालेला भाग पकडते, अर्धा थकलेला नाही.

येथे माझी आणखी एक चूक नोंदवतो. बुश बदलण्याच्या महिनाभर आधी मी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घेतले होते. ज्या सांध्यातच खेळ आहे त्यावर बसवलेले माप टिकणार कसे? दीड हजार किलोमीटरमध्ये स्टिअरिंग पुन्हा वाकडे झाले. भाग बदलल्यावर दुसऱ्यांदा अलाइनमेंट केले, तेव्हा संगणकाच्या कागदावर कॅम्बरचे (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेले असण्याचे) आकडे लाल रंगात आले आणि दुकानदाराने त्यासाठी वेगळे किट घेण्याचा आग्रह धरला. माझ्या गाडीत समोरचा टो (वरून पाहता चाके आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) तेवढा जुळवता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे-पुढे कल) कारखान्यातच ठरलेले असतात, आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाके जोडणारी आडवी तुळई) असल्याने तेथेही जुळवण्यासारखे काही नसते. लाल आकडा मर्यादेच्या अगदी काठावर होता, म्हणून मी किट घेतले नाही, आणि नऊ हजार किलोमीटरनंतर टायरची झीज दोन्ही कडांना सारखीच आहे.

बॅलन्सिंगचा आणि या दोषाचा संबंध नाही, हेही सांगावेसे वाटते. नव्वद ते शंभरच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल तर तो चाकाच्या असमतोलाचा प्रश्न असतो. गाडी भरकटत असेल तर तो बहुधा नसतो. मी हे दोन्ही एकच समजून दोनदा बॅलन्सिंगचे पैसे दिले.

सर्वांत सुखद बदल टायरचा झाला. माझ्या गाडीचे मूळ टायर १६५/८० आर १४ मापाचे (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, चाकाचा व्यास इंचांत) होते आणि बाजूवर कोरलेल्या चार अंकांवरून, म्हणजे आठवडा आणि वर्ष यांवरून, ते सात वर्षांचे निघाले. नक्षी शिल्लक होती, पण रबर लाकडासारखे झाले होते. याच गाडीच्या वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५ मापाचे टायर येतात, म्हणून मी तेच माप पंधरा इंची चाकांसह घेतले. दोन्ही टायरच्या बाह्य व्यासात दोन मिलिमीटरचाच फरक आहे, त्यामुळे वेगाचा काटा चुकत नाही. टायरची बाजूची भिंत मात्र १३२ मिलिमीटरवरून १२० वर येते. उंच भिंत वळताना आणि वाऱ्यात आधी स्वतः वाकते आणि मग गाडीला वळवते. ती बुटकी झाल्यावर स्टिअरिंगचे उत्तर लगेच मिळते. लळिंग घाटातील वळणांवर हा फरक मला पहिल्याच फेरीत जाणवला. किंमतही मोजावी लागली: चाके-टायर मिळून चौतीस हजार, इंधनाची सरासरी साडेवीसवरून पावणेवीसवर, आणि अमळनेर रस्त्यावरचे खड्डे आता अधिक टोचतात.

समोरच्या दोन्ही स्ट्रटची वरची टोके जोडणारी स्ट्रट बार नावाची एक दांडीही मी हौसेने बॉनेटखाली बसवली. तिचा मला काहीही उपयोग जाणवलेला नाही, दिसते छान.

डिकीतल्या सामानाचा परिणाम मात्र अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. फिटिंगच्या पेट्या मी डिकीच्या अगदी मागच्या कडेला रचत असे. ऐंशी किलो वजन मागच्या चाकांच्याही मागे असेल तर ते तरफेसारखे समोरचा भाग हलका करते आणि गाडीचा मागचा भाग लंबकासारखा डोलवते. आता त्या पेट्या मागच्या आसनाच्या पाठीला टेकवून ठेवतो, आणि भार असताना मागच्या चाकांत पट्टीवर दिल्याप्रमाणे हवा वाढवतो. डिकीत सीएनजीची टाकी बसवलेल्या गाड्यांच्या मालकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

जे सुधारले नाही तेही लिहिले पाहिजे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरतकडे जाताना साक्रीच्या बाजूला, जेथे पवनचक्क्या आहेत, तेथील आडव्या वाऱ्यात गाडी अजूनही हलते. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीवरून शंभरवर गेले की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि नऊशे किलोंच्या गाडीला त्यावर नवे टायर हे पूर्ण उत्तर नाही. केळीचा किंवा कापसाचा उंच ट्रक ओलांडताना त्याच्या तोंडापाशी पोचल्यावर हवेचा लोट गाडीला बाहेर ढकलतो. आता मी आधीच एक हात अधिक अंतर सोडतो आणि स्टिअरिंग दोन्ही हातांत धरतो. चौपदरी महामार्गावर मोटारींसाठी केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत ताशी १०० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे आणि राज्ये ती कमी ठेवू शकतात. माझा वेग आता नव्वदच्या आसपासच स्थिरावला आहे, आणि त्या वेगात गाडी एका बोटाच्या दाबाने रेषेत राहते. गेल्या फेरीत पत्नीला पारोळ्याच्या पुढे झोप लागली, ती लळिंग ओलांडेपर्यंत.

पहिल्या पावसात रुंद टायर पाण्यावर तरंगण्याची शक्यता अरुंद टायरपेक्षा जास्त असते, म्हणून नक्षीची खोली दर महिन्याला मोजतो. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर असली तरी मी तीनवरच टायर बदलणार आहे. मागच्या बीमचे दोन बुश अजून मूळचे आहेत. लाटांच्या रस्त्यावर मागचा भाग अधूनमधून आडवा सरकल्यासारखा वाटतो, तो त्यांच्यामुळेच असावा असे मिस्तरीचे म्हणणे आहे. पोळा झाला की ते बदलून घेणार आहे.