परभणीचा उन्हाळा काढलेला छोटा गेमिंग पीसी, 55 हजारांच्या आत

भाचा परभणीत खोली करून पॉलिटेक्निकला आहे, घर जिंतूरला. खोलीत टेबल एकच, त्यावरच पुस्तकं आणि त्यावरच जेवणाचा डबा. सुट्टीत घरी जाताना पीसी सोबत न्यायचा, म्हणून त्याची पहिली अट होती, "मामा, एसटीत मांडीवर बसला पाहिजे." दुसरी अट माझ्या बहिणीची: 55 हजारांच्या वर एक रुपया मिळणार नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस आधीचेच होते. जानेवारी 2025 मध्ये सामान घेतलं, खालचे भाव त्याच वर्षीचे. त्यावर पूर्ण उन्हाळा आणि पावसाळा गेला, तेव्हा आता खात्रीनं लिहायला हरकत नाही.

माझा धंदा इन्व्हर्टर-बॅटरीचा. लोक गेमिंग पीसीची यादी ग्राफिक्स कार्डापासून सुरू करतात, मी एसएमपीएसपासून केली, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून. कारण जिंतूरच्या घरी रब्बीत शेतीपंप सुरू झाले की मीटरवर 180 व्होल्ट दिसतात आणि पंप बंद झाले की काटा 250 वर जातो, हे मी स्वतः मोजलेलं आहे. एका दुकानदारानं कॅबिनेटसोबत "500 वॅटचा एसएमपीएस फुकट" पुढं केला. उचलला तर हातात वजनच लागेना. लेबल वाचलं: 12 व्होल्टच्या रकान्यात, ज्यावर कार्ड आणि प्रोसेसर चालतात, 18 अँपिअर. बारा गुणिले अठरा म्हणजे 216 वॅट. आमचं ग्राफिक्स कार्ड आरएक्स 6600, 132 वॅटचं, प्रोसेसर भरल्या कामात 76 पर्यंत ओढतो. दोघांचेच 208 झाले. मदरबोर्ड, पंखे, एसएसडी (साठवणीची डिस्क) अजून बाकी. पक्कं जीएसटी बिल मागितलं तर त्याचीही टाळाटाळ. तिथून उठलो.

शेवटी देवगिरी एक्स्प्रेसनं सिकंदराबाद गाठलं आणि चेनॉय ट्रेड सेंटरमधून, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात, सामान आणलं. नांदेड-परभणीकडच्या माणसाला पुण्या-मुंबईइतकाच हाही रस्ता सोयीचा आहे. एकाच इमारतीत पाच-सहा दुकानं फिरून भाव लावता येतो आणि डबा उघडून वस्तू हातात घेता येते. एसएमपीएस घेतला 550 वॅटचा, 80 प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), लेबलवर इनपुट 100 ते 240 व्होल्ट. 4,100 रुपये गेले. सगळ्या यादीत मला सगळ्यात जास्त समाधान याच खर्चाचं आहे.

आता छोटेपणाचं. भाच्याच्या डोक्यात मिनी आयटीएक्स होतं, म्हणजे 17 सेंटिमीटर चौरस बोर्ड. दिसायला देखणं, पण बोर्डच 16 हजारांच्या पुढं, त्याला छोटा एसएफएक्स एसएमपीएस लागतो तो जवळपास दुप्पट किमतीचा, आणि कॅबिनेटही महाग. नुसत्या आकारापायी पंधरा हजारांच्या वर जात होते. ते पैसे कार्डात घालायचे की डब्यात? आम्ही त्याहून थोडं मोठं मायक्रो एटीएक्स घेतलं. कॅबिनेट कूलर मास्टर क्यू 300 एल, 3,900 रुपये. उंची-लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आत, रुंदी 23. साधा, पूर्ण मापाचा एसएमपीएस बसतो, फक्त लांबी 160 मिलिमीटरच्या आत हवी. बाजूचा पारदर्शक पत्रा काचेचा नाही, ॲक्रेलिकचा आहे. त्यावर ओरखडे लवकर पडतात, पण एसटीच्या धक्क्यात फुटत नाही, म्हणून मला तो काचेपेक्षा बरा वाटतो.

याच्या चुंबकाने चिकटणाऱ्या जाळ्या खरंच कामाच्या आहेत. हिवाळ्यात बहिणीच्या घरी पुढच्या खोलीत वेचलेला कापूस पडलेला असतो. आठ दिवसांनी जाळी ओढून काढली तर तिच्यावर पांढऱ्या तंतूंची पातळ गादी. बोटानं एका टोकाला धरली की अख्खी सोलून निघाली. हे आत जाऊन पंख्याच्या पात्यांत गुंतलं असतं.

प्रोसेसर रायझन 5 5600, बोर्ड बी 550 चिपसेटचा. दुकानात 5600 जी घ्या म्हणत होते, त्यात ग्राफिक्स आतच आहे. ज्याला कार्ड आत्ता घ्यायचंच नाही त्याला तो ठीक. कार्ड लावायचं असेल तर साधा 5600 बरा: त्यात एल 3 कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) 32 एमबी, जी मध्ये 16. शिवाय आमचं आरएक्स 6600 कार्ड बोर्डाशी आठच लेनवर, म्हणजे आठच वाटांवर, बोलतं, त्यामुळं त्याला पीसीआय 4.0 ही वेगवान जोडणी मिळालेली चांगली. जी प्रोसेसर 3.0 वरच थांबतो. मात्र 5600 ला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड बिघडलं तर स्क्रीन काळीच राहणार, हे माहीत असू द्या. रॅम 8-8 जीबीच्या दोन घ्या, 16 ची एक नको, आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करा. नाहीतर 3200 च्या वेगाचे पैसे देऊन रॅम त्याहून कमी वेगानं चालत राहते. प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही मिळून 22,200.

कार्ड 19,900 ला पडलं. 1080पी वर भाचा जे खेळतो ते सगळं सुरळीत चालतं. ज्यांचा एसएमपीएस जुना आहे त्यांनी आरटीएक्स 3050 चं 6 जीबीचं कार्ड बघावं, ते 70 वॅटचं असतं. वेगात मात्र 6600 पुढं आहे.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. दुपारी खोलीत 38 अंश, कूलर बंद, आणि भाच्याचा फोन, "मामा, प्रोसेसर 87 वर गेलाय." या प्रोसेसरची मर्यादा 90 आहे. सोबत येणारा पंखा परभणीच्या उन्हाळ्यासाठी नाही, हे मी आधीच धरायला हवं होतं. प्रोसेसरवर बसवायचा मोठा कूलर, डीपकूल एजी 400, आणला, 1,700 रुपये. त्याची उंची 150 मिलिमीटर, या कॅबिनेटात बसतो. माझ्या दुकानातल्या भंगार पीसीतले दोन पंखे पुढच्या बाजूला लावले आणि गेमच्या फ्रेम मॉनिटरच्या 75 हर्ट्झइतक्याच, म्हणजे सेकंदाला 75 वर, बांधल्या. दुसऱ्या दुपारी आकडा 73.

लाईट गेल्यावर पीसी रिस्टार्ट होतो ही तक्रार माझ्याकडं रोज येते. इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. चांगल्या एसएमपीएसला स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर मानवत नाही, शुद्ध साइन वेव्हच हवा. आणि अर्थिंग तपासा. भाच्याच्या खोलीत न्यूट्रल-अर्थमध्ये नसायला हवेत ते 31 व्होल्ट होते, घरमालकाला दाखवून ते आधी नीट करून घेतलं.

एसएसडी 500 जीबीची घेतली, 3,000 रुपयांची, आणि तीच एक चूक ठरली. एकेक गेम शंभर जीबीचा, तिसऱ्यालाच जागा संपली. बोर्डावर एम.2 ची दुसरी जागा रिकामी आहे, तिथं दिवाळीत 1 टीबी बसवू.

एसटीत चढण्याआधी भाचा कार्ड काढून त्याच्या खोक्यात ठेवतो. एक स्क्रू, एक खटका, दोन मिनिटांचं काम. जिंतूर रस्त्याच्या खड्ड्यांत जड कार्ड बोर्डाच्या स्लॉटला लोंबकळत नेऊ नये.