ऑर्गनमधून निघालेला व्हॉल्व्ह अँप, आठ महिने गिटारला लावून

आधी वजन सांगतो, कारण माझ्या कमरेच्या तेच जास्त लक्षात राहिलंय. स्पीकर सोडून अँपची नुसती चासी (सर्किट बसवलेला धातूचा सांगाडा) नऊ किलो. त्यातलं निम्म्याहून जास्त दोन ट्रान्सफॉर्मरचं लोखंड. भेटेल तो गिटारवाला विचारतो, "व्हॉल्व्ह कुठले टाकलेस?" व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. लोखंडाचं कुणी विचारत नाही, आणि मला सांगायचंय ते बहुतेक त्याबद्दलच.

माल मिळाला मिरजेच्या एका भंगारात. अमेरिकेहून कुणीतरी हौसेनं आणलेला हॅमंड कंपनीचा छोटा घरगुती ऑर्गन. लाकडाला वाळवी, निम्म्या पट्ट्या गायब. हा ऑर्गन इथं धड सुरात कधी वाजलाच नसणार. त्याचे सूर फिरत्या दातेरी चाकांतून निघतात, आणि ती चाकं फिरवणारी मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरेल, फ्रिक्वेन्सी तशीच राहणार. म्हणजे पांढरी एक दाबली की पांढरी सहाच्याही किंचित खालचा सूर. भंगारवाल्यानं लाकूड जळणाला काढलं होतं आणि तांबं वेगळं करायला बसला होता, तेवढ्यात मी पोचलो. खालच्या खणातला अँप साडेचार हजारांना घेतला. जास्त दिले असं तेव्हाही वाटलं होतं, आताही वाटतं.

आतली मांडणी मात्र ओळखीची निघाली. शेवटी, स्पीकर हलवायला, ६व्ही६ व्हॉल्व्हची जोडी पुश-पुलमध्ये (एक ढकलतो, दुसरा ओढतो), रेक्टिफायरला, म्हणजे एसीचं डीसी करायला, ५यू४, आणि पुढच्या टोकाला, बारीक सिग्नल वाढवायला, १२एएक्स७. फेंडर कंपनीच्या डीलक्स या गिटार अँपमध्येही शेवटी ६व्ही६ चीच जोडी असते. ताकद साधारण १२ ते १५ वॉट. (फेंडरच्या साठच्या दशकातल्या अँपमधला तो प्रसिद्ध स्प्रिंगचा रिव्हर्बही (आवाजाला घुमारा देणारा) मुळात हॅमंडकडचाच. माझ्या ऑर्गनला तो नव्हता. नशीब.)

फरक पुढच्या टोकाला. गिटारचा पिकअप (तारांची थरथर विजेत बदलणारा) जेमतेम शंभर-दोनशे मिलिव्होल्ट देतो, आणि पुढच्या सर्किटनं जरा ओढ घेतली की वरचे सूर मरतात. म्हणून पहिल्या १२एएक्स७ च्या ग्रिडवरून (सिग्नल आत जातो ती पिन) १ मेगओहमचा रेझिस्टन्स अर्थला, आणि जॅकपासून ग्रिडपर्यंत ६८ के, म्हणजे किलोओहमचा. सूर थरथरवणारं व्हायब्रेटोचं सर्किट, पायानं आवाज कमी-जास्त करायची सोय, सगळं काढून टाकलं. मग चासीवर भोकंच भोकं उरली. दोनांत व्हॉल्यूम आणि टोन, एकात जॅक, बाकीच्यांवर पत्र्याचे तुकडे. बायको त्याला "डेअरीतलं मशीन" म्हणते.

हे काम एकट्याचं नाही. सांगलीत जुने रेडिओ दुरुस्त करण्यात हयात गेलेले एक काका आहेत. कपॅसिटरला ते अजून कंडेन्सरच म्हणतात. त्यांची पहिली अट: अँप चालू असताना डावा हात खिशात, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून करंट जायला नको. दुसरी: बंद केल्यावरही मीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. पहिल्या कंडेन्सरवर २२० के, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा डाग देऊन लावलाय. ४० मायक्रोफॅरडच्या हिशोबानं पाऊण मिनिटात तो रिकामा होतो. तरीही काका मीटर लावतातच. ज्याला मीटर नीट धरता येत नाही त्यानं हा उद्योग करू नये. मूळची दोन पिनांची वायर पहिल्याच दिवशी काढून तीन पिनांची, अर्थसकट लावली. नवीन कंडेन्सर आणि फ्यूजही तेव्हाच.

आता लोखंड. मूळ पॉवर ट्रान्सफॉर्मर अमेरिकी, ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आधी स्टेप-डाउनवर चालवून बघितला. अर्ध्या तासात वर हात ठेववेना. ६० च्या हिशोबानं घातलेल्या लोखंडावर ५० हर्ट्झला चुंबकीय भार वीस टक्क्यांनी वाढतो. व्होल्टेज आणखी उतरवून थंड ठेवावा, तर व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) अर्धपोटी राहतात. म्हणून नवा गुंडाळून घ्यायचं ठरलं. शेतीपंपाच्या मोटारी गुंडाळणारे आपल्याकडे गल्लोगल्ली, पण तीन सेकंडरींचा (व्होल्टेज बाहेर देणाऱ्या तीन वाइंडिंगचा) हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर करून देणारा शोधायला तीन आठवडे गेले. शेवटी कुपवाडला एक अण्णा सापडले. कागदावर लिहून दिलं: २७५-०-२७५, मग ६.३ व्होल्ट ३ अँपिअर, ५ व्होल्ट २ अँपिअर.

शेवटचा आकडा चुकला, आणि चूक सर्वस्वी माझी. ५वाय३ या दुसऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या फिलामेंटला २ अँपिअर लागतात, ५यू४ ला ३. माझ्या डोक्यात ५वाय३ बसला होता. तिसऱ्या दिवशी खोलीत वार्निशचा वास. तसाच उचलून अण्णांकडे नेला. त्यांनी कागद काढला (जपून ठेवला होता!) आणि माझ्यापुढं धरला. "तुम्हीच दोन लिवलंय की हो. ह्यो तीन वढायलाय. तापणार न्हाई तर काय?" परत गुंडाळायचे निम्मेच पैसे घेतले. या वेळी वार्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवला, त्यामुळे लोखंडी पट्ट्यांची भुणभुणही गेली. आठ महिन्यांत पुन्हा तक्रार नाही.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर (व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) मूळचाच ठेवला. त्याचं गणित करायला मजा आली. स्पीकरच्या बाजूला ६.३ व्होल्ट एसी दिले, पलीकडे, व्हॉल्व्हच्या प्लेटना जोडायच्या दोन टोकांत, जवळजवळ २०० आले (इथंही डावा हात खिशात). भागाकार ३१.७, त्याचा वर्ग साधारण १०००, गुणिले ८ ओहमचा स्पीकर: ८००० ओहम. ६व्ही६ च्या जोडीला लागतात तेवढेच. काका म्हणाले, "बघ, ज्यानं बनवलं त्याला अक्कल होती." एक मात्र कायम ध्यानात ठेवायचं: स्पीकर न जोडता हा अँप चालू करायचा नाही. वाजवलं की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतल्या आत ठिणगी पडून वाइंडिंग जातं. हे लोखंड गेलं तर परत मिळणार नाही. व्हॉल्व्ह मिळतात.

गुरगुरीनं दोन महिने छळलं. इथं गिटारच उपयोगी पडली. गुरगूर सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटशी जुळत होती, म्हणजे जी, ९८ हर्ट्झ. शंभरच्या जवळ (लाईनच्या पन्नासची दुप्पट), म्हणजे रेक्टिफायरनंतरच्या फिल्टरचा दोष. त्याच्या खालच्या जीशी जुळली असती तर पन्नासची, म्हणजे फिलामेंटच्या वायरी नाहीतर अर्थिंग. मी लगेच पहिला कंडेन्सर २२० मायक्रोफॅरडचा घालायला निघालो. काकांनी हात धरला. ५यू४ च्या पुढे एवढा मोठा कंडेन्सर ठेवला तर चालू करताना तो जो करंट ओढतो त्यानं व्हॉल्व्हच जायचा. चाळीसवर थांबायचं. दोष निघाला दुसऱ्याच कंडेन्सरच्या कच्च्या डागात.

आता आवाज. व्हॉल्यूम चारपर्यंत स्वच्छ, गोल, थोडा खालच्या अंगाचा. ऑर्गनच्या पायपट्टीसाठी बनवलेला, त्यामुळे खर्ज जरा जास्तच. मधला कपलिंग कंडेन्सर (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारा) लहान करून तो आटोक्यात आणला. सहाच्या पुढे फाटायला लागतो, आणि तिथं त्याची खरी मजा. मिरजेतले एक सतारमेकर ओळखीचे आहेत, ते ऐकायला आले होते. मी हळू वाजवलं, मग जोरात. ते म्हणाले, "हलका हात लावला की जवारी बंद, जोरात मारलं की खुली. आमच्याकडं हे जमत न्हाई. एकदा घासली की घासली." जवारी म्हणजे सतारीची घोडी घासून आणलेला झणकार. मी कधीपासून हे सांगायला शब्द शोधत होतो.

कार्यक्रमाला मात्र नेऊ नये. एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात नेला. ऑक्टापॅड आणि कीबोर्डपुढं १५ वॉट म्हणजे काहीच नाही. स्पीकरसमोर माईक लावला तेव्हा कुठं ऐकू आला. वर जनरेटर सुरू झाला, व्होल्टेज चढलं आणि फ्यूज गेला. उरलेला कार्यक्रम मिक्सरमध्ये थेट जॅक घालून काढला. त्यानंतर तो घराबाहेर पडलेला नाही. घरीही रात्री अकरानंतर लाईन २४५ व्होल्टपर्यंत चढते, म्हणजे फिलामेंटवर ६.३ ऐवजी ६.७. चालतं, पण व्हॉल्व्हचं आयुष्य घटतं. त्यामुळे उशिरा वाजवायचं असेल तर स्टॅबिलायझरवर.

मे महिन्यात पंख्याशिवाय त्याच्या शेजारी बसवत नाही. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांकडं सरकलं, तेव्हा नऊ किलोंची चासी आणि स्पीकरचं खोकं दोन खेपांत वरच्या मजल्यावर नेलं. आमच्या गल्लीनं २०१९ चा पूर पाहिलाय, त्यामुळे धोक्याच्या ४५ फुटांची वाट कुणी बघत नाही. पावसाळ्यात सॉकेटच्या पिनांना हवा लागून खरखर सुरू झाली. व्हॉल्व्ह दोनदा काढून घातले, पिना साफ केल्या, गेली. पहिला १२एएक्स७ मायक्रोफोनिक झालाय, बोटानं टिचकी मारली की स्पीकरमधून घंटा वाजते. त्याच्या जागी काकांच्या डब्यातला, बंगळूरच्या बीईएलचा जुना ईसीसी८३ घातलाय. वेगळं नाव, व्हॉल्व्ह तोच. उत्तम चाललाय.

खर्च सगळा मिळून तेरा हजारांच्या आसपास, काकांचे श्रम सोडून. ते पैसे घेत नाहीत, भडंग घेतात. एवढ्यात कार्यक्रमाला चालणारा ट्रान्झिस्टरचा बरा अँप आला असता, आणि हा तुमचा एकमेव अँप होणार असेल तर तोच घ्या. दुसरा म्हणून, आणि वाइंडिंगवाला आधी सापडला असेल तर, जरूर करा.

एक खोड अजून शिल्लक आहे. पाचव्या तारेवर ठरावीक सुराला खोकं थरथरतं. चासीच्या पायांखाली, व्हॉल्व्हपासून लांब, मार्केट यार्डातून आणलेल्या पोत्याच्या घड्या घालून बघितल्या. थरथर निम्मी झाली. पण पोतं हळदीचं होतं, आणि अँप अर्धा तास तापला की खोलीभर हळदीचा वास सुटतो.