केसाळ मॅमिलेरिया की उघडं जिम्नोकॅलिशियम? विदर्भातल्या अंगणासाठी

लहान निवडुंगांचा नाद लागला आणि जागा मोजकीच असली, की निवड बहुतेकदा या दोघांत येऊन अडते: मॅमिलेरिया बोकासाना आणि जिम्नोकॅलिशियम बाल्डियानम. दोन्ही मुठीत मावतील अशी, दोन्ही आपल्याकडे जगतात. मी दोन्ही सांभाळली आहेत, म्हणून लिहितो.

मॅमिलेरिया मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसीची. अंगभर पांढरे रेशमी केस आणि त्यांत दडलेले तांबूस, आकड्यासारखे काटे. जिम्नो अर्जेंटिनातल्या कातामार्काच्या डोंगरउतारांवरचं, गवताझुडपांच्या आडोशाने वाढणारं. हा आडोशाचा स्वभाव आपल्या कामाचा आहे. नवतप्यात अकोल्या-चंद्रपुराकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा हिरवी जाळी दोघांनाही लागतेच. पण ओसरीच्या कडेला, फक्त सकाळचं ऊन येतं तिथे, जिम्नो आपला गोल आकार धरून राहतं. मॅमिलेरिया तिथे लांबट होते, केसही विरळ पडतात. रात्रीचा उकाडा उतरेनासा झाला की वाढ दोघांचीही थांबते. तेव्हा अंग आकसलेलं दिसलं तरी पाण्याची घाई करू नये.

मातीत फरक नाही. काळी माती चिमूटभरही नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळताना भेगाळते. मी मुरूम आणि जाडी रेती चाळून घेतो, बारीक भुकटी फेकतो आणि थोडं जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळतो. मृग लागला की कुंड्या टिनाखाली.

फुलांचं म्हणाल तर आवडीचा प्रश्न आहे. मॅमिलेरियाची फुलं लहान, फिकट, डोक्याभोवती कडं करून येणारी. जिम्नोचं फूल गडद लाल-गुलाबी, झाडाच्या मानाने मोठं, आणि काही दिवस टिकतं. थंडीत कोरडं ठेवलं तर दोन्ही चांगली फुलतात. मॅमिलेरियाला पिल्लं भरपूर येतात, शेजारीपाजारी वाटता येतात. जिम्नो बहुधा एकटंच राहतं, बियांपासून वाढवावं लागतं. इथे मॅमिलेरियाचं पारडं सरळ जड आहे.

पण माझ्यापुरता निकाल लावला तो पिठ्या ढेकणाने. कापूस पिकवणाऱ्या गावाला ही कीड सांगायला नको. पऱ्हाटीवर ती येते, बांधावरच्या गाजरगवतावर टिकून राहते, आणि घर वावराला लागून असेल तर अंगणातही पोचते. तिच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि किडीची पिल्लं या कुंडीतून त्या कुंडीत नेतात. आता पांढऱ्या केसांत ही पांढरी, कापसासारखी कीड शोधायची कशी? केस बाजूला सारायला जावं तर आकडे बोटात रुततात, ओढलं तर झाडाचं सबंध पिल्लू हातात येतं. स्पिरिटचा बोळा फिरवला तरी तो खाचेपर्यंत पोचत नाही, आणि केस चिकटून मळकट होतात ते वेगळंच. दिसेपर्यंत तिने रस शोषून झाड खंगवलेलं असतं. जिम्नोवर तीच कीड आली तर लांबून दिसते. अंग गुळगुळीत, काटे आडवे आणि मोजके. कानकोरण्यावर कापूस गुंडाळून स्पिरिट लावलं की काम झालं. मुळांत लपणारी जात मात्र दोघांनाही छळते, त्यासाठी वर्षातून एकदा कुंडी उपडी करून पाहणं आलंच.

तुमचं घर गावात असेल, आसपास कापूस नसेल आणि रोज भिंग घेऊन बसायची हौस असेल, तर मॅमिलेरियाला नाही म्हणवत नाही. पांढऱ्या केसांची ती शोभा जिम्नोला नाही. वावरातल्या घरासाठी कुणी विचारलं, तर मी जिम्नोच हातात ठेवीन.

फक्त रोपवाटिकेत जिम्नो म्हणून लालभडक किंवा पिवळा गोळा हिरव्या खुंटावर बसवलेला मिळतो, तो घेऊन मत बनवू नका. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसतं, तो खुंटाच्या जिवावर जगतो आणि खुंट थकला की जातो. हिरवं, स्वतःच्या मुळांवरचं झाड मागा, दिवाळीनंतर पाऊस पुरता सरला की आणा, आणि महिनाभर बाकीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा.